टॅब वापरताना मान, मनगट आणि डोळे सांभाळायचे कसे: मांडी घालून बसणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

टॅबमध्ये बघायची जागा आणि हात लावायची जागा एकच असते, आणि सगळ्या दुखण्यांचं मूळ तिथेच आहे. डोळ्यांना सोयीचा म्हणून टॅब वर उचलला की हात अधांतरी राहतात आणि खांदे भरून येतात. बोटांना सोयीचा म्हणून मांडीवर ठेवला की मान खाली जाते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. म्हणून ‘टॅबसाठी बसायची बरोबर पद्धत कोणती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. बघायचं काम, लिहायचं काम आणि हातात धरून करायचं काम अशी तीन कामं आहेत, आणि प्रत्येकाला टॅबची जागा वेगळी लागते. काम बदललं की टॅब हलवायचा, एवढी सवय लागली तरी निम्मा त्रास कमी होतो.

या विषयावर जो सल्ला मिळतो तो बहुतेक टेबल-खुर्ची गृहीत धरून दिलेला असतो. मराठवाड्यात चित्र वेगळं आहे. लातूर-नांदेडच्या होस्टेलवर अभ्यास कॉटवर नाहीतर पत्र्याच्या पेटीसमोर बसून होतो. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून जेईई, नीट, सीईटीसाठी टॅब मिळालेली पोरं खेड्यात घरी भिंतीला टेकून मांडीवर टॅब घेऊन बसतात. म्हातारी माणसं बाजेवर आडवी होऊन कीर्तन ऐकतात. त्यात मे महिन्यातला उकाडा आणि मधेच जाणारी लाईट. खालचं सगळं हे धरूनच लिहिलं आहे.

मानेवर नेमकं काय येतं

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं तर मणकेच ते पेलतात, स्नायूंना फार काम पडत नाही. डोकं पुढे वाकलं की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. २०१४ साली एका अमेरिकन सर्जनने गणिती प्रतिमानावरून मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: मान १५ अंश वाकली तर मणक्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशांना १८, ४५ ला २२ आणि ६० अंशांना २७ किलो. हे आकडे हिशेबाने काढलेले आहेत, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेले नाहीत, त्यामुळे त्यांना घाबरून जायचं कारण नाही. भाकरी थापताना किंवा कापूस वेचतानाही मान वाकतेच. फरक असा की तिथे शरीर हलत असतं. टॅबसमोर माणूस दीड-दोन तास त्याच कोनात थिजून बसतो, आणि स्नायूला ओझ्यापेक्षा हे थिजणं जास्त बाधतं.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी टॅब चार प्रकारे वापरून मानेचे कोन मोजले: मांडीवर हाताने धरून, मांडीवर कव्हरच्या आधाराने, टेबलावर कमी उतारात आणि टेबलावर चांगला उभा. चौथ्या प्रकारातच मान सरळ स्थितीच्या जवळ आली. टॅब मांडीवर असला की नुसत्या कव्हरने मान वाचत नाही, हे यातून लक्षात घ्यायचं.

आपली मान किती वाकते ते घरीच बघता येतं. अभ्यासाला बसून वीसेक मिनिटं झाली की कुणाला तरी न सांगता बाजूने फोटो काढायला सांगा. सांगून काढला तर आपण आपोआप ताठ बसतो आणि फोटो फुकट जातो. फोटोत कानाचं भोक खांद्याच्या टोकाच्या साधारण वर दिसलं तर ठीक. चार बोटं पुढे असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मांडी घालून बसताना: आधी बूड, मग टॅब

स्टँड आणण्याआधी बैठक दुरुस्त करावी लागते, नाहीतर चांगला स्टँडही वाया जातो. सपाट फरशीवर मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, ओटीपोट मागे लवंडतं, पाठीचा खालचा भाग कमानीसारखा बाहेर येतो आणि त्याची भरपाई म्हणून डोकं पुढे जातं. म्हणजे मान दुखते, पण कारण कमरेखाली असतं.

१. वाकळ किंवा जाड सतरंजी घडी करून ८ ते १० सेंटिमीटर उंचीची बैठक करा. दाबल्यावर एवढी उरली पाहिजे. मऊ उशी दाबून दोन बोटांची होते, ती चालत नाही.

२. या घडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. बूड घडीवर, घोटे फरशीवर. गुडघे कमरेच्या खाली गेले की पाठ फार जोर न लावता सरळ होते.

३. भिंतीला टेकायचं असेल तर बूड भिंतीला भिडवून बसा आणि कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, मनगटाएवढी जाड. बूड एक वीत पुढे सरकवून पाठ टेकणं ही सगळ्यात वाईट बैठक. तिच्यात पाठ पूर्ण कमान होते आणि हनुवटी छातीवर येते.

४. दर २०-२५ मिनिटांनी पायाची आलटापालट करा: वरचा पाय खाली, मग एक पाय लांब, मग थोडा वेळ वज्रासन. पायाला मुंग्या आल्या म्हणजे नसेवर दाब आला. तशा मुंग्या घेऊन बसून राहू नका.

आता टॅबची उंची. बसल्यावर कुणाकडून तरी फरशीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या. समजा ते ७८ सेंटिमीटर आलं. टॅब डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेपासून १३ ते १८ सेंटिमीटर खाली असावा. नजर किंचित खाली असते तेव्हा डोळे आणि मान दोन्ही आरामात असतात. म्हणजे मध्य सुमारे ६३ सेंटिमीटरवर हवा. दहा इंची टॅब आडवा, ६५ अंशांत उभा केला तर तो उंचीत साधारण १५ सेंटिमीटर जागा घेतो, त्याचं निम्मं साडेसात. ६३ मधून साडेसात गेले की उरतात साडेपंचावन्न. तर स्टँड ज्यावर ठेवायचा ती जागा फरशीपासून सुमारे ५५ सेंटिमीटर उंच पाहिजे.

चौरंगावर टॅब ठेवून ‘वर घेतला’ असं वाटतं, पण घरातला चौरंग बहुधा वीस-पंचवीस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे निम्माही नाही. ३५ सेंटिमीटरची पत्र्याची पेटी आणि तिच्यावर २० चा चौरंग, ही जोडी बरोबर बसते. पेटी नसेल तर धान्याचा चौकोनी डबा चालतो, फक्त तो भरलेला असावा. रिकामा डबा कोपर लागलं तरी कलंडतो.

सुताराकडून किंवा घरी करायचा स्टँड

टॅबच्या कव्हरची घडी घालून होणारा उतार ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा कमी पडतो. बारा मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे, बिजागऱ्या आणि दोरी एवढ्यात हवा तो कोन देणारा स्टँड होतो.

दोन्ही तुकडे २५ सेंटिमीटर उंच आणि २० रुंद कापून घ्या. वरच्या कडा दोन लहान बिजागऱ्यांनी जोडा, म्हणजे उलट्या ‘व्ही’सारखा आकार तयार होतो. स्क्रू १० मिलिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, पलीकडून टोक निघतं आणि टॅबच्या पाठीला ओरखडा पडतो. पुढच्या तुकड्याच्या खालच्या कडेला अडीच सेंटिमीटर बाहेर येणारी पट्टी लावा, तिच्या टोकाला एक सेंटिमीटर उंच ओठ ठेवा. टॅब उभा ठेवून चार्ज करायचा असेल तर पट्टीच्या मध्यात चार सेंटिमीटरची खाच हवी, नाहीतर पिन वाकून पोर्ट ढिलं होतं.

दोन्ही तुकड्यांच्या तळाशी भोक पाडून दोरी ओवा. पाय किती फाकतात यावर कोन ठरतो. पायांमधलं अंतर १३ सेंटिमीटर असलं की टॅब ७५ अंशांत उभा राहतो, २१ ला ६५ अंश, ३२ ला ५० अंश. दोरीला या तीन मापांवर गाठी मारून ठेवा. पहिल्या दोन व्हिडिओ आणि वाचनासाठी. तिसरी गाठ दुहेरी भिंगाच्या चष्म्यावाल्यांसाठी आहे, त्याबद्दल पुढे येईल.

शहाबादी फरशीवर किंवा पेटीच्या पत्र्यावर असा स्टँड हमखास घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पंक्चरच्या सोल्युशनने दोन्ही पायांच्या कडेला चिकटवा. टॅब टेकतो तिथेही एक पट्टी लावली तर तो हलत नाही.

एवढी खटपट नको असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारात मिळते तशी लाकडी रेहल घ्या. कात्रीसारखी उघडते, घडी होते, टिकाऊ असते. ती ग्रंथवाचनासाठी केलेली वस्तू आहे, तेव्हा घरातली पवित्र ग्रंथाची न वापरता वेगळी घ्यावी. तिचा एकच दोष, कोन बदलत नाही.

पीडीएफ: मान पुढे जाण्याचं न दिसणारं कारण

बैठक आणि स्टँड दोन्ही नीट असूनही डोकं पुढेच जात असेल तर अक्षराचा आकार बघा. क्लासच्या नोट्स ए-फोर पानासाठी केलेल्या असतात, आणि ते पान २१ सेंटिमीटर रुंद. दहा इंची टॅब उभा धरला तर पडद्याची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास असते. पान ६५ टक्क्यांवर येतं आणि ११ पॉइंटचं अक्षर सातचं होतं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीखालच्या अटींएवढं. ते वाचायला माणूस पडद्याकडे झुकणारच. त्याला ताठ बस म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

टॅब आडवा करा. आडव्या पडद्याची रुंदी साडेएकवीस सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पान जवळपास मूळ आकारात दिसतं. पान एकावेळी अर्धंच दिसेल, बोटाने सरकवावं लागेल, पण मान वाचते. पीडीएफच्या ॲपमध्ये समास कापायची सोय असेल तर तीही वापरा. ॲप आणि वेबपानांसाठी सेटिंगमध्ये अक्षराचा आकार आणि डिस्प्लेचा आकार दोन्ही एकेक पायरी वाढवा. नुसतं अक्षर वाढवलं तर बटणं बारीकच राहतात. देवनागरीला इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त लागते, कारण मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बारीक आकारात एकमेकांत मिसळतात.

वही आणि टॅब एकत्र असताना

व्हिडिओ बघत वहीत उतरवून घेणं, हे होस्टेलमधलं सगळ्यात जास्त वेळ चालणारं काम. इथे चूक ठरलेली: वही समोर आणि टॅब डाव्या बाजूला. तासाला शे-दीडशे वेळा मान त्याच बाजूला वळते आणि महिन्याभरात एकाच बाजूचा खांदा दुखायला लागतो. दुसरी चूक, टॅब वहीच्या शेजारी सपाट ठेवायचा.

बरोबर रचना अशी: वही पुढे, टॅब तिच्या बरोबर मागे आणि वर, दोन्ही नाकाच्या रेषेत. वही चौरंगावर, टॅब त्याच्यामागे पेटीवर. मग नजर खाली-वर होते, मान वळत नाही. वहीखाली कडक पुठ्ठा घालून मागची कड पाच-सहा सेंटिमीटर उचलली तर लिहितानाही मान कमी वाकते. जुन्या पेढ्यांवरच्या मुनिमांचं उतरतं डेस्क याच तत्त्वावर केलेलं होतं. घरात कुठे पडून असेल तर झाडून बाहेर काढा, वहीसाठी त्याच्याइतकी चांगली वस्तू विकत मिळणार नाही.

टॅबवरच पेनने लिहीत असाल तर टॅब सपाट नको आणि उभाही नको. मागची कड सहा सेंटिमीटर वर, म्हणजे सुमारे २० अंश. दोन जाड रजिस्टर पुरतात. पेनाबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. रबरी टोकाचं स्वस्त पेन वापरताना तळहात पडद्याला टेकला तर टॅब त्यालाही स्पर्श समजतो आणि रेघोट्या उठतात. ते टाळायला मुलं हात अधांतरी धरून लिहितात आणि अर्ध्या तासात खांदा आणि मान आवळून येतात. लिहिण्याच्या ॲपमध्ये तळहाताचा स्पर्श न घेण्याचं सेटिंग आहे का ते आधी बघा. नसेल, तर पडद्याच्या ज्या भागावर हात टेकतो तिथे जाड कापडाची दोन-चार पदरी घडी ठेवून बघा. तेही जमत नसेल तर लिहायचं काम सरळ वहीतच करा.

टायपिंग

व्हॉट्सॲपचे चार निरोप पाठवायला वेगळं काही लागत नाही. पण अहवाल, अर्ज, बचतगटाचे हिशेब असं अर्ध्या तासाहून जास्त टायपिंग असेल तर पडद्यावरचा कीबोर्ड बंद करा आणि ब्लूटूथचा वेगळा कीबोर्ड घ्या. टॅब वर स्टँडवर राहतो, हात खाली राहतात. सुरुवातीला सांगितलेला झगडा इथे खरोखर मिटतो. मांडी घालून बसल्यावर कोपर फरशीपासून घडीची उंची धरून तीसएक सेंटिमीटरवर येतं. कीबोर्ड त्याच पातळीला किंवा दोन बोटं खाली हवा, आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ.

कीबोर्ड नसेल तर बोलून टाइप करा. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टायपिंग बरंच चांगलं चालतं. नांदेड-परभणीकडच्या बोलण्यातले काही शब्द ते चुकीचे उतरवतं, ते नंतर एकदा बसून दुरुस्त करायचे. विरामचिन्हंही बहुधा हातानेच द्यावी लागतात.

पडद्यावरच टाइप करायचं असेल तर टॅब २० अंशांच्या उतारावर ठेवा आणि दोन्ही हातांनी टाइप करा. एका हाताने टॅब धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ठोकत बसणं दोन्ही हातांना वाईट. काचेला दाब कळत नाही, स्पर्श कळतो. जोरात ठोकून अक्षर लवकर उमटत नाही, फक्त बोटाचे सांधे दुखतात. घामेजल्या बोटाने स्पर्श चुकला की माणूस आणखी जोर लावतो. जवळ सुती फडकं ठेवा.

हातात धरावाच लागला तर

दहा-अकरा इंची टॅब ४५० ते ५५० ग्रॅमचा असतो, जाड कव्हर घातलं की पाऊण किलोच्या घरात जातो. वजन फार नाही, पण ते कुठून धरता याला महत्त्व आहे. आडवा टॅब एका कडेला चिमटीत धरला तर त्याचा मध्य हातापासून साडेबारा सेंटिमीटर दूर असतो. उभा धरला तर आठच. तेवढ्याने मनगटावरचा पीळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. म्हणून एका हाताने धरायचा तर उभाच धरा.

त्याहून चांगलं म्हणजे चिमटीत धरूच नका. तळहात टॅबच्या पाठीमागे मध्यावर पसरा, खालची कड पोटाला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. मागे पट्टा असलेलं कव्हर मिळतं. सर्वेक्षण करणारे, बँकेचे प्रतिनिधी, दारोदार फिरून नोंदी घेणारे यांनी ते घ्यावंच. पट्ट्यात हात घातला की बोटं ढिली सोडता येतात. दर पाच-सात मिनिटांनी हात बदला, आणि ओटा, कठडा, गाडीची सीट, जे मिळेल त्यावर कोपर टेकवा. गाडी चालू असताना मागे बसून नोंदी भरू नका, हादऱ्यात मान आणि डोळे दोन्ही दुप्पट राबतात.

अंगठा हा टॅबचा पहिला बळी. दोन्ही हातांत टॅब धरून अंगठ्यांनीच सगळं करायची सवय असली तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागतं. शंका असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळू वाकवा. अंगठ्याच्या बाजूने मनगटात झणका आला तर अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज असण्याची शक्यता आहे. हे निदान नव्हे, पण दोन आठवडे अंगठ्याचं काम बंद करून तर्जनीने भागवायला एवढी खूण पुरे.

खुर्ची-टेबल असेल तर

नेहमीचं टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि मध्यम किंवा कमी उंचीच्या माणसाला ते जास्तच पडतं. खांदे उचलून बसावं लागतं. टेबल कापता येत नाही, म्हणून बूड उचला. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाच-सात सेंटिमीटरची घट्ट घडी घाला, आणि पाय लोंबायला लागले तर खाली वीट ठेवा. टॅबसाठी स्टँडखाली चार-पाच जाड पुस्तकं. बाकी हिशेब मघाचाच.

आडवं होऊन बघताना

पालथं झोपून कोपरांवर रेलणं टाळा. मान मागे मोडते, आणि कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबून करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. उताणं झोपून टॅब तोंडावर धरला तर पाच मिनिटांत हात थकतात. डुलकी लागली तर अर्धा किलो नाकावर पडतो.

त्यातल्या त्यात बरी पद्धत कुशीवर. उशी खांद्याच्या रुंदीएवढी उंच, म्हणजे मान सरळ राहील. दोन गुडघ्यांमध्ये दुसरी उशी. टॅबही आडवा, भिंतीला किंवा लोडाला टेकवलेला, आणि पडदा फिरण्याचं सेटिंग बंद. ते बंद नसेल तर चित्र सरळ होतं, डोकं आडवं राहतं, आणि माणूस नकळत मान पिळून बघतो. बाजेवर मधे झोळ असतो, तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.

ऊन, लाईट आणि चार्जरची वायर

अ‍ॅपलने आयपॅड चालवण्यासाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सियस दिली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी हवा त्याच्या वर असते. टॅब तापला की स्वतःला वाचवायला पडदा अंधुक करतो. मग माणूस काय करतो? चेहरा जवळ नेतो. उन्हाळ्यात मान जास्त दुखते त्यात याचाही वाटा असतो. उपाय साधे: दुपारच्या कामात जाड कव्हर काढा, टॅब वाकळीवर किंवा उशीवर ठेवू नका, चार्जिंग आणि व्हिडिओ एकाच वेळी नको, स्टँड असा ठेवा की कूलरची हवा टॅबच्या पाठीला लागेल. कूलरची हवा थेट डोळ्यांवर मात्र घेऊ नका. पडदा बघताना पापण्या आधीच कमी लवतात. वरून वारा आला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

दाराकडे पाठ करून बसू नका, उघड्या दाराचं प्रतिबिंब पडद्यावर येतं आणि ते चुकवायला मान वाकडी होते. दाराकडे तोंड करूनही नको, डोळे दिपतात. दार-खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. उजेड किती ठेवायचा ते बघायला पांढरा कागद पडद्याशेजारी धरा: पडदा दिव्यासारखा भासला तर कमी करा, कागदापेक्षा मळका दिसला तर वाढवा. रात्री खोलीतला दिवा चालूच ठेवा. पिवळसर पडद्याच्या सेटिंगने डोळ्यांचा थकवा कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर ठेवा.

स्विचबोर्ड भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर आणि वायर एक मीटरची. लाईट जायच्या आधी टॅब भरला पाहिजे म्हणून पोरं बोर्डाखालच्या कोपऱ्यात अंग चोरून, वायरला ताण देत बसतात. नीट बैठक खोलीच्या दुसऱ्या टोकाला रिकामी. चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या किंवा दोन मीटरची वायर घ्या. या एका खरेदीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या स्टँडनेही पडत नाही.

दुहेरी भिंगाचा चष्मा

चाळिशीनंतरच्यांना वरचा उंचीचा नियम जसाच्या तसा लागू करू नका. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगात जवळचं दिसणारा भाग खाली असतो. टॅब डोळ्यांसमोर उभा केला तर त्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. आजोबांना मोठ्या हौसेने स्टँड आणून द्यावा आणि आठ दिवसांत त्यांची मान धरावी, असं होतं ते यामुळे.

त्यांच्यासाठी टॅबचा मध्य डोळ्यांपासून २५ ते ३० सेंटिमीटर खाली, अंतर ४५ सेंटिमीटर, आणि दोरीची तिसरी, ३२ ची गाठ. रोज दोन-तीन तास बघणं होत असेल तर फक्त टॅबच्या अंतराचा एकेरी नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नुसतं ‘जवळचा’ म्हटलं तर पोथी वाचायच्या अंतराचा नंबर मिळतो. घरून अंतर मोजून न्या आणि आकडा सांगा.

लेकरांचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसात एक तासाच्या आत. मोठ्या मुलांना टॅब दिला तर स्टँडसकट द्या, मांडीवर नाही. त्यांची बैठक दर दहा मिनिटांनी मोडते, ती मोडू द्या. हलणारं लेकरू बरं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर त्यांना बाहेर खेळायला पाठवणं चष्मा लागणं लांबवण्याच्या दृष्टीने उपयोगाचं आहे.

मधे उठणं आणि पाच हालचाली

दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा, निदान सहा मीटरवर: समोरच्या घराची टाकी, लिंबाचं झाड. दर अर्ध्या तासाने उठा. गजर लावला तर तो बंद करून लोक बसूनच राहतात; त्यापेक्षा पाण्याचा तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवा. उठल्यावर दोन-तीन मिनिटांत होतात अशा हालचाली:

- हनुवटी सरळ मागे ओढा, वर-खाली नाही. पाच सेकंद धरा, दहा वेळा.
- दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणा, पाच सेकंद, दहा वेळा. खांदे कानाकडे उचलू देऊ नका.
- दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून एक पाऊल पुढे टाका, छाती ताणली जाईपर्यंत. २० सेकंद, दोनदा.
- हात समोर सरळ, तळवा पुढे, दुसऱ्या हाताने बोटं स्वतःकडे ओढा. २० सेकंद, मग तळवा खाली करून तसंच.
- पापण्या दहा वेळा पूर्ण मिटून उघडा.

मान गोल गोल फिरवायची सवय असेल तर सोडा. मागे नेताना सांध्यांवर दाब येतो, आणि ज्यांना आधीच चक्कर येते त्यांचा त्रास वाढतो. कटकन् आवाज काढण्यासाठी मान झटकणंही नको.

डॉक्टरकडे कधी

बैठक बदलल्यावर साधी दुखी दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागते. मुंग्या किंवा बधिरपणा सतत राहत असेल, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, दुखणं खांद्यापासून बोटांपर्यंत उतरत असेल, तर वाट बघू नका. मानदुखीबरोबर ताप, पडल्याचा मार, चालताना तोल जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तसंच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभागाची ओपीडी असते.

जाताना दोन गोष्टी सोबत न्या. बाजूने काढलेला तो बसल्याचा फोटो, आणि कोणत्या बोटांना मुंग्या येतात याची नोंद. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर नस मनगटात दबल्याची शंका येते; करंगळी आणि अनामिका असेल तर कोपरात. ‘पूर्ण हात दुखतो’ असं सांगितलं तर गर्दीच्या ओपीडीत गोळ्या लिहून मिळतात. बोटं सांगितली तर डॉक्टर नेमकी जागा तपासतात.